पोटवाक्यातले साडेतीनशे रुपये

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पुढे सगळा जन्म हातात पळी होती, पेन नव्हतं. लेकीचा जुना शब्दकोश मांडीवर घेऊन बसले आहे, तरी ऱ्हस्व-दीर्घ चुकेलच. कुणाच्या हाती ही वही लागली तर त्याने माफ करावं. पण हसू नये. माझ्या शुद्धलेखनाला एकदा एक माणूस हसला होता, आणि त्याचंच मला लिहायचं आहे.

राग आला आहे म्हणून लिहिते. बोलून राग काढायची मला सवय नाही. चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की मी मागे सरकते. मागच्या आठवड्यात लालबागच्या आमच्या जुन्या चाळीत हळदीकुंकवाला गेले होते. दरवाजाशी नवा संगमरवरी फळा बसवला आहे. संयुक्त महाराष्ट्रासाठी तुरुंगात गेलेल्या चाळकऱ्यांची नावं त्यावर आहेत. पहिलं नाव त्या हसणाऱ्या माणसाचं. ते खोटं नाही. गेले होते ते तुरुंगात. पाठीवर लाठी खाऊन आले तेव्हा मीच हळद गरम करून दिली होती. पण फळ्यावर सगळं लिहीत नाहीत. नाव, गाव आणि तुरुंगाचे दिवस लिहितात. बाकीचं मी इथे लिहिते. नाव मात्र मी लिहिणार नाही, फळ्यावर आहे तेवढं पुरे.

सगळे त्यांना अर्जवाले म्हणत. गिरणीच्या हापिसात कारकून होते आणि चाळीतल्या लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. रजेचा अर्ज, नळाच्या तक्रारीचा अर्ज, मुलाला शाळेत घ्या म्हणून अर्ज. मोत्यासारखं अक्षर. मी त्यांना भाऊजी म्हणायचे आणि ते मला वहिनी म्हणायचे, कारण आमचे हे त्यांच्याच गिरणीत सांच्यावर, म्हणजे मागावर, होते.

हे छातीच्या आजाराने गेले. लेक तेव्हा बारा वर्षांची. राहत होतो ती जागा दिराची. तेरावं झाल्यावर जाऊबाईंनी भांडी वेगळी करून ठेवली, म्हणजे काय ते मी समजले. अर्जवाल्यांची बायको गावी असायची आणि खोली मोठी होती. मध्ये लाकडी पार्टिशन टाकून आतला भाग, मोरीसकट, ते मला द्यायला तयार झाले. भाडं निराळं आणि वर साडेतीनशे रुपये अनामत. गिरणीतून ह्यांच्या नावचे आलेले पैसे आणि मी मोडलेल्या दोन पाटल्या, मिळून बरोबर तेवढेच होत होते. किती आले ते त्यांना ठाऊक होतं. हापिसातला कागद त्यांच्याच हातून गेला होता.

त्यांनी कागद केला. लिहिता लिहिता मोठ्याने म्हणत गेले, जसं देवळात पोथी सांगतात तसं. मग माझ्यापुढे धरला. "वाचा वहिनी. चौथी शिकलाय तुम्ही. आंधळेपणाने सही करू नका."

मी वाचला. तो कागद मला आजही पाठ आहे. "सदर अनामत रक्कम, बाई जागा सोडून जातील तेव्हा, जागा जशी घेतली तशी परत दिल्यास, व मूळ भाडेकरूस दुसरा योग्य पोटभाडेकरू मिळाल्यानंतर, बिनव्याजी परत केली जाईल."

माझी नजर शेवटी गेली. परत केली जाईल. तेवढं दिसलं आणि मी सही केली. आपल्या भाषेत काय होणार ते शेवटी कळतं, म्हणून आमच्यासारखी माणसं वाक्याचा शेवट आधी बघतात. पत्र आलं तरी मी आधी खालचं बघायची, "सर्व खुशाल" आहे का. मधलं नंतर वाचलं तरी चालतं असं वाटायचं.

आतल्या भागात मी खाणावळ सुरू केली. अकरा माणसं जेवायला यायची, सगळी गिरणीतली. त्यात एक मालवणी होता, तोंडाने फाटका पण मनाने सरळ. माशाच्या कालवणात मीठ कमी पडलं तर अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं सांगायचा. भाकऱ्या थापायच्या, ताटं घासायची, पुन्हा दुसऱ्या पाळीची माणसं. वर्षं कशी गेली कळलं नाही.

त्याच वर्षांत चळवळ पेटली. आमची चाळ म्हणजे तिखटाची पुडी. खाणावळीतला एक जण गोळीबारात मांडीला गोळी लागून परळच्या इस्पितळात पडला, त्याला डबा मी पोचवायची. बायकांच्या मोर्च्यात मीही चालले आहे. घोषणा ओरडता आली नाही, ओठ हलवले. अर्जवाले चाळीच्या पटांगणात खुर्चीवर उभे राहून बोलायचे. त्यांचं बोलणं ऐकावं असंच होतं. "जोपर्यंत आमच्या अंगात रक्ताचा थेंब आहे," म्हणायचे आणि थांबायचे. माणसं श्वास धरून बसायची. मग "तोपर्यंत" म्हणायचे आणि पुन्हा थांबायचे. पुढचं वाक्य टाळ्यांत बुडून जायचं. मी गॅलरीत तांदूळ निवडत ऐकायची आणि माझ्याही अंगावर काटा यायचा. हे मी कबूल करते.

लेक सातवीची फायनल पास झाली. तिला मास्तरीण व्हायचं होतं. ट्रेनिंगला बाहेरगावी राहायचं म्हणजे पैसे आधी भरायला हवे होते. माझ्यापुढे रस्ता होता. नायगावात माझी एक ओळखीची बाई खाणावळ चालवायची. ती म्हणाली, माझ्याकडे ये, दोघी मिळून चालवू. म्हणजे मी जागा सोडायची, अनामत घ्यायची आणि ती लेकीच्या ट्रेनिंगला भरायची. मला वाटलं, झालं.

मी अर्जवाल्यांना सांगितलं. त्यांनी कागद मागितला, चष्मा लावला. "जशी घेतली तशी," म्हणाले आणि भिंतीकडे बोट केलं. माझ्या चुलीने भिंत काळी झाली होती. बरोबर होतं त्यांचं. मी चुना आणला आणि लेकीने आणि मी दोन दिवसांत भिंत पांढरी केली. हातांची सालं निघाली.

पुन्हा गेले. "दुसरा पोटभाडेकरू मिळाल्यानंतर," म्हणाले.

मी चार दिवसांत माणूस आणला. ट्रामवर कंडक्टर, बायको, एक मूल, अनामत द्यायला तयार. अर्जवाल्यांनी त्याला चहा पाजला, गाव विचारलं आणि पाठवून दिलं.

मी विचारलं, "भाऊजी, काय झालं?"

"वहिनी, नीट वाचा. 'मूळ भाडेकरूस मिळाल्यानंतर' असं आहे. हा तुम्हाला मिळाला. मला कुठे मिळाला?"

आणि हसले. वाईट हसले नाहीत. एखाद्याला कोडं घालून हसावं तसं हसले. त्या हसण्यानेच माझं डोकं फिरलं. साडेतीनशे रुपये त्यांनी धाकट्या भावाच्या लग्नात केव्हाच उडवले होते, हे मला नंतर कळलं. तसं सांगितलं असतं तर मी थांबले असते. रडले असते, पण थांबले असते. त्यांनी मला माझ्याच सहीत पकडलं.

संध्याकाळी लेक शिसपेन्सिल घेऊन तो कागद मांडीवर ठेवून बसली. फायनलला व्याकरण होतं तिला.

"आई, हे मिश्र वाक्य आहे. 'रक्कम परत केली जाईल' हे प्रधान वाक्य. बाकीची त्याच्या पोटात आहेत. त्यांना पोटवाक्यं म्हणतात."

"पोटभाडेकरूसारखी?"

"हो, तशीच. पण उलटं आहे बघ. इथे पोटातली मालक झालीत. ती म्हणतील तेव्हाच प्रधान वाक्य खरं होणार." मग तिने 'दिल्यास' या शब्दाखाली रेघ मारली. "आणि हे बघ. 'जर जागा जशीच्या तशी दिली तर' असं लिहिलं असतं, तर तुझ्या लक्षात आलं असतं. 'जर' दिसला की माणूस सावध होतो. त्यांनी जर पण काढला आणि तर पण काढला. सगळी अट या शेवटच्या 'स'मध्ये कोंबली."

मी त्या 'स'कडे बघत बसले. माझ्या नवऱ्याची सगळी कमाई त्या एका अक्षरात अडकली होती.

गिरगावात एका वकिलाकडे मालवणी मला घेऊन गेला. वकील भला माणूस होता. त्याने कागद वाचला आणि परत दिला. म्हणाला, "बाई, मालकाच्या परवानगीशिवाय ठेवलेल्या पोटभाडेकरू तुम्ही. कोर्टात उभ्या राहिलात तर पहिलं पोटकलम तुमच्याच अंगावर येईल. पैसे राहू देत, छप्पर सांभाळा." फी घेतली नाही. येताना मालवणी रस्ताभर अर्जवाल्यांचा उद्धार करत होता आणि मी मनात मोजत होते. पोटवाक्य, पोटभाडेकरू, पोटकलम. आणि मी दिवसभर भरते ती अकरा पोटं. ज्याला त्याला पोट जोडलेलं, आणि चिमटा बसायचा तो माझ्याच पोटाला.

ट्रेनिंगचे पैसे भरायची मुदत गेली. लेक शिवडीला एका कारखान्यात औषधाच्या बाटल्यांवर चिठ्या चिकटवायच्या कामाला लागली. संध्याकाळी आली की बोटं खळीने कडक झालेली असायची. ती कोमट पाण्यात भिजवून बसायची, आणि पार्टिशनच्या पलीकडून अर्जवाल्यांचा उद्याच्या भाषणाचा सराव ऐकू यायचा. जोपर्यंत. तोपर्यंत.

चळवळीच्या समितीने निवडणूक जिंकल्यानंतरची सभा. पटांगण भरलेलं. अर्जवाले निधी मागत होते. बायका नथा, अंगठ्या काढून देत होत्या. त्यांनी वर गॅलरीत बघून हाक मारली, "आमच्या वहिनींनीही काही द्यावं!"

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. माझी मान खाली गेली. तेवढ्यात खालून मालवणी उठला. "अर्जवाल्यानू, वयनीचे साडेतीनशे रुपये तुमच्याकडेच आसत. ते कधी देतलास?"

हशा झाला. दुसरा कुणी असता तर गडबडला असता. हे खुर्चीवर आणखी ताठ झाले. त्यांनी हात वर केला आणि सभा गप्प झाली.

"ज्या दिवशी," म्हणाले आणि थांबले. "ज्या दिवशी मुंबई, बेळगाव, कारवार, निपाणीसह संयुक्त महाराष्ट्र होईल, त्या दिवशी! याच जागी! वहिनींची पै न पै मोजून देईन! तोवर माझा पैसा माझा नाही, आणि वहिनींचा पैसा वहिनींचा नाही!"

टाळ्या. शिट्या. कुणी जयजयकार केला. माझ्या शेजारची बाईसुद्धा टाळ्या वाजवत होती, तिला मी तांदूळ उसने दिलेले होते. मला तिथेच वरून निवडलेले तांदूळ, सूप, सगळं त्यांच्या डोक्यावर ओतावंसं वाटलं. माझा पैसा माझा नाही, हे त्यांनी ठरवलं आणि लोकांनी टाळ्यांनी मंजूर केलं. त्या गोळी लागलेल्या माणसाची मांडी, बायकांच्या नथा, सगळं ओढून त्यांनी स्वतःच्या कर्जावर पांघरलं. आता मी पैसे मागितले तर मी महाराष्ट्राची वैरीण.

सभा संपल्यावर लेक म्हणाली, "आई, आधीच्या कागदात तारीखच नव्हती. आज त्यांनी तारीख दिली."

"कुठली तारीख? कधी होईल ते?"

"होईल की नाही?"

ते मला माहीत होतं. होणारच होतं.

सकाळी मी कोरा कागद, दौत, टाक आणि पावतीचं तिकीट घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले. पहिल्या पाळीची माणसं जेवत होती.

"काल बोललात ते लिहून द्या, भाऊजी."

"अरे वा! वहिनींना भाषण आवडलं!" त्यांनी जेवणाऱ्यांकडे बघून डोळा मारला. "आम्ही सगळ्यांचे अर्ज लिहितो. आज तुम्ही लिहा, मी सही ठोकतो. चौथी पास ना तुम्ही?"

मी जमिनीवर बसले. कागद पाटावर ठेवला. 'ज्या दिवशि मुंबईसह' इथवर आले आणि थांबले. पुढे 'संयुक्त' लिहायचं होतं. तो क्त माझ्या हाताला कधी वळला नाही. क पुढे की त पुढे, अर्धा कुठला, पाय कुठे मोडायचा. घोषणा हजारदा ऐकली होती, पण भिंतीवर चुन्याने लिहिलेली बघूनही तो मला जमायचा नाही. आणि ते वरून बघत होते. चुकले की हसणार. म्हणून मी तो शब्द गाळला. बेळगाव, कारवार, निपाणीही गाळले, कारण तेवढं लिहीपर्यंत माझा हात गळून पडला असता. मी लिहिलं: "ज्या दिवशि मुंबईसह महाराष्ट्र राज्य होइल त्या दिवशि मी वहिनींचे साडेतीनशे रुपये मोजुन देइन."

त्यांनी कागद घेतला आणि मोठ्याने हसले. खिशातून हापिसातली तांबडी-निळी पेन्सिल काढली. तांबड्या टोकाने दोन्ही 'दिवशि' दीर्घ केले, 'होइल'ची ई केली, 'मोजुन' दुरुस्त केलं, 'देइन' दुरुस्त केलं. "व्याकरण पास, शुद्धलेखन नापास," म्हणाले. जेवणारी माणसं हसली. मालवणी हसला नाही. मग त्यांनी तिकिटावर झोकात सही केली.

मी तो कागद पिठाच्या डब्याच्या तळाशी ठेवला. पुढची तीन वर्षं रोज त्यावरचं पीठ काढत होते.

त्या तीन वर्षांत लेकीने किती बाटल्यांना चिठ्या लावल्या देव जाणे. मी घोषणा ऐकायची तेव्हा माझ्या मनात दोन गोष्टी एकदम यायच्या, आणि मला त्याची लाज वाटायची. लोक महाराष्ट्रासाठी मरत होते आणि मी महाराष्ट्राची वाट साडेतीनशे रुपयांसाठी बघत होते. आज लाज वाटत नाही. ती गाठ मी मारली नव्हती.

एक मे उजाडला. चाळीला आंब्याची तोरणं, रोषणाई, पेढे. अर्जवाले सकाळीच पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात हार, पटांगणात उभे होते. मी कागदावरचं पीठ झटकलं आणि खाली उतरले. लेक बरोबर होती.

"या वहिनी, पेढा घ्या!"

मी पेढा घेतला नाही. "भाऊजी, झालं ना राज्य?"

ते समजले. क्षणभर तोंड उतरलं, मग पुन्हा सभेचा आवाज आला. "कुठे झालं, वहिनी? बेळगाव बाहेर, कारवार बाहेर, निपाणी बाहेर! संयुक्त महाराष्ट्र अजून व्हायचाय! लढा संपलेला नाही!"

दोन-चार जणांनी माना हलवल्या. आणि खरंच होतं ते. बेळगावच्या लोकांसाठी माझाही जीव तुटला होता. पण त्यांनी बेळगावही माझ्यापुढे आडवं घातलं, जसा तो 'स' घातला होता.

लेकीने कागद उघडला आणि वाचला. तिचा आवाज खणखणीत आहे, माझ्यावर गेलेला नाही. "ज्या दिवशी मुंबईसह महाराष्ट्र राज्य होईल त्या दिवशी." मग म्हणाली, "काका, यात संयुक्त नाही. बेळगाव नाही."

"बघू," म्हणून त्यांनी हात पुढे केला. लेकीने कागद दिला नाही, नुसता दाखवला. "हे मी असं बोललोच नव्हतो! वहिनींनी चुकीचं लिहिलंय! मी वाचलंही नव्हतं!"

मालवणी पुढे आला. "वाचूक नाय? मगे ह्या तांबड्या पेन्सिलीन दिवशी कोणी दीर्घ केल्यानी? माझ्या आजोबान?"

पटांगणात हशा पिकला. या वेळी तो त्यांच्यावर होता. ते तांबड्या खुणांकडे बघत राहिले. अक्षर न् अक्षर तपासलं होतं त्यांनी. जे लिहिलं होतं त्यातल्या चुका काढल्या आणि जे लिहिलंच नव्हतं ते दिसलं नाही.

माझ्या तोंडून एकच वाक्य निघालं, तेही फार मोठ्याने नाही. "याच जागी म्हणाला होतात."

त्या दिवशी त्यांनी शंभर दिले. बाकीचे पतपेढीतून उचलून पाचव्या दिवशी आणले. ते पण मी पटांगणातच घेतले. घरात या म्हणाले, मी गेले नाही. त्यांनी मोजले, लेकीने मोजले, मग मी मोजले. पूर्ण भरले.

मग ते म्हणाले, "पावती द्या, वहिनी. मी सांगतो, लिहा. 'सदर रक्कम, कोणतीही तक्रार न ठेवता...'"

मी टाक उचलला होता, तो थांबवला. तक्रार होती. लेकीची तीन वर्षं होती, तिची खळीने फुटलेली बोटं होती, आणि ते पोटात घालून मी सही करावी असं त्यांना अजूनही वाटत होतं.

मी त्यांचं ऐकलं नाही. माझ्या मनाने लिहिलं आणि कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी सवयीने पेन्सिलीला हात घातला, पण दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतं. एकच वाक्य होतं, त्याच्या पोटात काही नाही.

साडेतीनशे रुपये मिळाले.